मास्तर, आधी मनातल्या मनात डबल बेल

पत्र : मॅडम, नमस्कार. मी 63 वर्षांचा, एसटीचा निवृत्त कंडक्टर. नोकरी 31 वर्षं, त्यातली निम्मी वाई-महाबळेश्वर मार्गावर. नऊ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. औषधं आणि व्यायामानं पाय बऱ्यापैकी आला, हात थोडाफार. आता चार पायांच्या काठीवर घरात चालतो. सरळ चालताना काही वाटत नाही, पण वळायचं म्हटलं की डावीकडं झोक जातो. दीड महिन्यापूर्वी बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्यावरून पाय सरकला आणि पडलो. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून धास्ती बसलीय. मिसेस एकट्याला उठू देत नाही. दाराची चौकट डाव्या खांद्याला दोन-तीनदा लागली. सकाळी उठल्यावर थोडं गरगरतंही. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तोल तपासून 56 पैकी 41 मार्क दिले आणि सांगितलं, रोज खुर्चीत बसून डोळे मिटा आणि मनातल्या मनात चाला. करतो, पण दोन मिनिटांत डोळा लागतो. नातू विचारतो, आबा ध्यान करताय का झोपलाय? शेजारचे म्हणतात, मनानं चालून कुणी पंढरपूरला पोचलंय का? खरं सांगा, याचा उपयोग होतो का हा टाइमपास आहे? आणि उपयोग होत असेल, तर उभं राहायचे व्यायाम सोडून नुसतं हेच केलं तर चालेल का? उभं राहायची भीती वाटते.
– एक वाचक, जि. सातारा

नमस्कार मास्तर,

कंडक्टरला आपल्याकडं सगळे मास्तरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण धोका त्यात आहे. उभं राहायचे व्यायाम सोडून चालणार नाही. मनातलं चालणं हे त्या व्यायामांच्या जोडीला असतं, त्यांच्या जागी बदलीवर आलेलं नसतं. पायावर खरं वजन पडल्याशिवाय पायात ताकद येत नाही आणि खरा झोक गेल्याशिवाय सावरायची सवय लागत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : टाइमपास नाही. पण तुम्ही ज्या रीतीनं करताय, म्हणजे डोळे मिटायचे, मोघम ‘चालतोय’ म्हणायचं आणि पेंगायचं, तो मात्र टाइमपासच. यात तुमची चूक नाही. ‘मनातल्या मनात चाला’ एवढं सांगून भागत नाही, कसं चालायचं तेही सांगावं लागतं. ओपीडीत पंधरा पेशंट रांगेत असले की ते राहून जातं, माझ्याकडूनही राहिलंय.

पण त्याआधी, पत्रात दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि माझं लक्ष तिथंच अडकलं.

पहिलं, सकाळचं गरगरणं. झटक्यानंतर तुम्हाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणारच. पडून उठताना रक्तदाब एकदम खाली येत असेल, तर डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि त्यावर कुठलीही कल्पना किंवा व्यायाम चालत नाही. उपाय सोपा आहे. डॉक्टरांकडं पाच मिनिटं पडून रक्तदाब मोजून घ्या, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजायला सांगा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरत असेल, तर गोळ्यांचं प्रमाण आणि वेळ डॉक्टर बघतील. गोळी स्वतः होऊन बंद करायची नाही, एक दिवसही. आणि गरगरणं उठताना न होता अंथरुणात कूस बदलताना होत असेल, घर गोल फिरल्यासारखं, तर तसंही सांगा. ते कानाच्या आतलं दुखणं असू शकतं आणि त्यासाठी डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून करायचा वेगळा उपचार असतो.

दुसरं, चौकट. तीही डाव्याच खांद्याला लागते, हे मला खटकलं. तुमची डावी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागाला झाली. अशा माणसांमध्ये कधी कधी डावीकडच्या जगाकडंच दुर्लक्ष होतं. डोळा धड असतो, पण मेंदू तिकडची दखल घेत नाही. कधी डाव्या बाजूची नजरही कमी झालेली असते. घरच्या घरी एक गोष्ट वहिनींना बघायला सांगा : जेवण झाल्यावर ताटाची डावी बाजू. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते आणि उजवीकडची भाजी तेवढी संपते, असं होतंय का? होत असेल तर तुमच्या फिजिओना पुढच्या खेपेला आवर्जून सांगा. कारण मनातल्या चालण्यातही मग डावा पाय गळून जातो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

आता तोलाकडं येऊ. इथं तुम्ही माझ्यापेक्षा जाणकार आहात.

वाईहून पसरणी घाट चढणारी गाडी आठवा. मशीन यायच्या आधीची. एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात चिमटा, म्हणजे दांडी धरायला हातच मोकळा नाही. वळण आलं की उभे प्रवासी एकमेकांच्या अंगावर जायचे आणि मास्तर जागचा हलायचा नाही. तुमचे पाय काही बाकीच्यांपेक्षा दणकट नव्हते. वळण यायच्या आधीच तुमच्या शरीरानं झोक घेतलेला असायचा. इंजिनाचा आवाज बदलला, गिअर पडला, की कंबर सीटला टेकलीच आणि वजन बाहेरच्या पायावर गेलंच. प्रवासी झोक गेल्यावर सावरतो, तुम्ही झोक जायच्या आधी.

तोलाचं सगळं गणित या ‘आधी’मध्ये आहे. 1967 साली सोव्हिएत संशोधकांनी उभ्या माणसाला नुसता हात वर करायला सांगितलं आणि स्नायूंमधली वीज मोजली. हाताचा स्नायू कामाला लागण्याआधीच पायातले स्नायू कामाला लागलेले दिसले. हात वर गेला की शरीराचा भार सरकणार, हे मेंदूला अगोदर ठाऊक असतं आणि तो खालून तयारी करून ठेवतो. ही तयारी करताना मेंदू तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांवर अवलंबून असतो : तळवे आणि घोटे, कानाच्या आतली तोलाची यंत्रणा, आणि डोळे. झटक्यानंतर तुमच्या डाव्या तळव्याची बातमी पुसट किंवा उशिरा येते आणि डाव्या पायाला हुकूमही उशिरा पोचतो. सरळ रस्त्यावर हा उशीर खपून जातो. वळताना मात्र क्षणभर सगळं वजन एका पायावर येतं, मग दुसऱ्यावर, आणि तेवढ्यात दिशाही बदललेली असते. म्हणून तुम्ही वळणावरच झोकांडता. हे भित्रेपणाचं लक्षण नाही, मास्तर. तयारी उशिरा होते म्हणून असं होतं.

ही तयारी करणारे मेंदूचे भाग हालचालीची नुसती कल्पना केली तरी जागे होतात. मेंदूची चित्रं घेऊन हे पुन्हा पुन्हा पाहिलं गेलंय. हालचालीचा आराखडा तयार होतो, स्नायूंना शेवटचा हुकूम तेवढा अडवून धरला जातो. ड्रायव्हर सीटवर आहे, इंजिन चालू आहे, गिअरही पडलाय, फक्त क्लच दाबून धरलाय, असं समजा. क्लच कधी कधी थोडा सुटतोही. घाट उतरताना ड्रायव्हरच्या केबिनशेजारी बसलेला प्रवासी वळणावर स्वतःचा पाय फळीवर दाबतो, जसा काही ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे! तुम्ही हे हजारदा पाहिलं असेल. हालचालीचा विचार स्वतःहून अंगात उतरतो, हे विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं 1852 मध्येच नोंदवून ठेवलंय.

मग याचा खरा फायदा किती? 1992 साली अमेरिकेत ग्वांग यू आणि केली कोल यांनी काही तरुणांना चार आठवडे करंगळीचा व्यायाम दिला. काहींनी खरोखर जोर लावला, काहींनी जोर लावतोय अशी फक्त कल्पना केली. खऱ्या व्यायामानं करंगळीची ताकद 30 टक्क्यांनी वाढली, नुसत्या कल्पनेनं 22 टक्क्यांनी. तीन वर्षांनी आल्व्हारो पास्क्वाल-लिओने यांनी पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांची एक धून शिकवली. मनातच सराव करणारे पाच दिवसांनी प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या मागं होते, पण त्यांना दोन तास प्रत्यक्ष सराव करू दिला तर त्यांनी ती कसर भरून काढली. मला या दोन्हींमधला दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मनातला सराव जमिनीची मशागत करून ठेवतो. पेरणी प्रत्यक्ष सरावानंच होते.

आता खरं सांगा म्हणालात, म्हणून दुसरी बाजूही सांगते. करंगळी म्हणजे पाय नाही आणि ते तरुण म्हणजे तुम्ही नाही. झटका आलेल्या माणसांच्या चालण्यावर मनातल्या सरावाचा काय परिणाम होतो, याचा कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं 2020 मध्ये आढावा घेतला. चालण्याचा वेग इतर उपचारांपेक्षा जास्त सुधारतो म्हणायला हाताशी असलेला पुरावा फार कच्चा आहे, असं त्यांचं मत पडलं. पडणं टाळण्यासाठी ज्याचा पुरावा भक्कम आहे तो म्हणजे व्यायाम. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरचे अभ्यास एकत्र करून कॉक्रेननंच 2019 मध्ये दाखवलं की व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी घटतं, आणि त्यात तोलाचे व्यायाम उपयोगी ठरतात. मग मी तुम्हाला कल्पनेचा सराव करा असं का म्हणते? कारण तुम्ही दिवसातून फार तर दहा-बाराच वळणं घेत असाल, तीही वहिनींनी दंड धरलेला असताना. खुर्चीत बसून तुम्ही आणखी तीस वळणं घेऊ शकता, न दमता, न पडता. शिवाय जे करायची भीती वाटते ते आधी सुरक्षित जागी करून बघता येतं. माझ्या सव्वीस वर्षांच्या कामात मला याचा उपयोग सगळ्यांत जास्त इथंच दिसलाय, भीतीच्या पहिल्या पायरीवर.

तर कसं करायचं.

झोपेची वेळ टाळा. दुपारी जेवून बसलात तर घोरणारच. सकाळचा चहा झाल्यावर, हात असलेल्या भक्कम खुर्चीत, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवून बसा, अनवाणी. जिथं वळायला त्रास होतो तिथंच खुर्ची ठेवा, म्हणजे तीच फरशी आणि तोच उजेड मिळेल. पाच मिनिटांनी सुरुवात करा आणि पंधराच्या वर जाऊ नका. हे मेंदूचं काम आहे आणि झटक्यानंतर मेंदू लवकर थकतो. डोळे उघडे ठेवून जमत असेल तर उघडेच ठेवा. मिटलेच पाहिजेत असा काही नियम नाही.

आणि स्वतःला सिनेमात चालताना बघितल्यासारखं बघू नका. बहुतेकांचं इथं चुकतं. ‘तो बघा मी चाललोय’ असं लांबून दिसतं, छान दिसतं, पण अंगाला काही जाणवत नाही. तुम्ही तुमच्या डोळ्यांच्या मागं असायला हवं. समोर बाथरूमचं दार दिसतंय, खाली स्वतःचे पाय अर्धवट दिसतात. डाव्या टाचेला फरशीचा गारवा. वजन डावीकडं सरकतंय तसा डाव्या तळव्यावर दाब वाढतोय, गुडघा थोडा ताणला जातोय, मांडीचा स्नायू आवळतोय. उजव्या मुठीत काठीची पकड. (काठी उजव्याच हातात असते ना? चांगल्या बाजूच्या हातात धरायची. डाव्या हातात धरत असाल तर आजच बदला.)

डाव्या तळव्याचं काही जाणवतच नसेल, तर आधी प्रत्यक्ष वजन टाकून बघा. बसल्या बसल्याच डावा पाय जमिनीवर दाबा, सोडा, दाबा, सोडा. ती जाणीव ताजी असतानाच कल्पना करा. खरं एकदा, मनात पाचदा, परत खरं एकदा. मला ही पद्धत सगळ्यांत मानवते. पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीतून उठणं घ्या : पाय मागं ओढले, नाक पायाच्या बोटांच्या पुढं आणलं, बैठक उचलली, दोन्ही पायांवर सारखं वजन. दुसऱ्या आठवड्यात उभ्यानं वजन डावी-उजवीकडं सरकवणं. वळण तिसऱ्या आठवड्यापासून, तेही तुमच्या फिजिओना दाखवून.

वळणासाठी तुमची गाडीच घ्या. घाटात ड्रायव्हर मोठी गाडी जागच्या जागी फिरवत नाही, रुंद घेतो, कारण मागची चाकं आतून कापत येतात. तुम्ही बाथरूमच्या दाराशी एका पायावर गर्रकन फिरायला जाता आणि मागचं चाक, म्हणजे डावा पाय, मागंच राहतो. पाय एकमेकांत अडकतात ते इथंच. वळायचंय तिकडं आधी डोळे, मग डोकं, मग छाती, आणि मग लहान लहान चार-पाच पावलं. मनात हे करताना कंडक्टर म्हणूनच करा. घंटीची दोरी ओढा, डबल बेल द्या, म्हणजे ‘आता निघायचंय’ हे शरीराला कळतं. मग नजर वळणाच्या शेवटाकडं, आणि वजन आधी बाहेरच्या पायावर. तीस वर्षं पायात मुरलेलं आहे ते. मला कुणी हंडा-कळशीची कल्पना सांगितली तर मी ती नीट करू शकणार नाही, कारण मी कधी डोक्यावरून पाणी आणलं नाही. पण माझ्याकडची एक आजी डोक्यावर दोन हंडे आहेत असं मनाशी धरून चालली की तिची मान आणि पाठ आपोआप ताठ व्हायची, मी शंभरदा सांगून न झालेली. ज्याची त्याची आठवण कामाला येते, दुसऱ्याची उसनी घेऊन भागत नाही.

तुम्ही नीट करताय की पेंगताय, हे नातवाला तपासायला लावा. त्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच द्या. आधी खुर्चीपासून बाथरूमच्या दारापर्यंत प्रत्यक्ष चालत जा, वहिनी बरोबर असताना, आणि किती सेकंद लागले ते लिहा. मग खुर्चीत बसून तेच अंतर मनात चाला, निघताना ‘चल’ म्हणा आणि पोचल्यावर ‘थांब’. धडधाकट माणसात हे दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात; फ्रान्समधल्या संशोधकांनी 1989 मध्ये हे मोजून दाखवलं होतं. तुम्हाला चालायला 22 सेकंद लागतात आणि मनात 8 सेकंदांत पोचलात, तर तुम्ही जुन्या पायांनी चाललात, झटक्याच्या आधीच्या. डावा पाय वगळलात. हळू घ्या, एकेक पाऊल टाका. उलट मनात 50 सेकंद लागले, तर मध्ये कुठं तरी लक्ष भरकटलं किंवा डोळा लागला. झटका आलेल्यांमध्ये हे आकडे सुरुवातीला जुळत नाहीत, त्यानं नाराज होऊ नका. रोज दोन आकडे वहीत लिहा आणि वही फिजिओना दाखवा. ‘आबा झोपलाय का’चं उत्तरही नातवाला आकड्यातच मिळेल.

काही लोकांच्या मनात चित्रच उमटत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. तुमचं तसं असेल तर जोर लावू नका. नातवाला तुमच्यासमोर तीच हालचाल हळू करायला सांगा, ती बघा आणि लगेच स्वतः करा.

पायांच्या व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण ते तुमच्या फिजिओनी दिलेलेच असतील आणि त्यांनी तुम्हाला पाहिलंय, मी नाही. स्वयंपाकघराचा ओटा ही घरातली उत्तम जागा. ओट्याकडं तोंड करून उभं राहा, मागं खुर्ची ठेवा, वहिनी डावीकडं उभ्या राहतील. टाचा उचलणं, एक पाय किंचित पुढं ठेवून उभं राहणं, ओट्याला धरून बाजूबाजूनं पावलं टाकणं. हात ओट्यावर घट्ट आवळू नका, बोटं नुसती टेकवा. सगळं वजन हातावर घेतलंत तर पाय शिकणार काय? वहिनींनाही एक सांगणं : धरायचं असेल तर कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरा, डावा दंड किंवा काख ओढून कधीच नाही. झटक्यानंतर तो खांदा सैल झालेला असतो, ओढला की उतरतो आणि महिनोन्‌महिने दुखतो. सायंकाळी दमलेलं असताना नवा व्यायाम करायचा नाही.

एक गंमत लक्षात घ्या. खुर्चीत बसून कल्पना करताना तळव्याकडं आणि गुडघ्याकडं लक्ष द्या म्हणाले, पण प्रत्यक्ष चालताना नेमकं उलटं करा. गाब्रिएले वुल्फ या संशोधक बाईंनी 1998 मध्ये स्कीच्या यंत्रावर तोल शिकणाऱ्यांना दोन प्रकारे सूचना देऊन पाहिलं. आपल्या पायांकडं लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या यंत्राकडं लक्ष देणारे लवकर शिकले. तुम्हीही घाटात पायांचा विचार कधी केला नव्हता. तुमचं लक्ष ‘पुढं सरका, पुढं सरका’ आणि सुट्ट्या पैशांकडं असायचं. तेव्हा चालताना मनात पायाला हुकूम सोडू नका. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत पोचायचंय, वळून पाठीमागच्या खिडकीकडं बघायचंय, एवढंच डोक्यात ठेवा.

भीतीबद्दल. दीड महिन्यापूर्वीचं पडणं डोळे मिटले की परत दिसतं का? पत्रात लिहिलं नाहीत, पण बहुतेकांना दिसतं. दिसलं तर ते तसंच पुढं चालू देऊ नका आणि दडपूही नका. मागं घ्या, गाडी रिव्हर्स घेतल्यासारखी, पाय सरकायच्या आधीच्या पावलापर्यंत. तिथून परत सुरू करा आणि या वेळी काठी दाराच्या पलीकडं टेकवलीय, उजवा हात चौकटीवर आहे, झोक गेला आणि तुम्ही सावरलात, असं पुरं करा. झोक जाणारच नाही अशी कल्पना करून उपयोग नाही, तिच्यावर तुमचाच विश्वास बसणार नाही. झोक जातो आणि सावरता येतं, हे मनाला दाखवा. छाती धडधडायला लागली, घाम फुटला, तर त्या दिवशी तिथंच थांबा.

वहिनी उठू देत नाहीत, त्यात त्यांची काळजी आहे हे कळतं. पण जो माणूस पडायच्या भीतीनं बसून राहतो त्याच्या मांड्या वाळतात आणि तो लवकर पडतो, हे त्यांनाही ठाऊक असू दे. दिवसातल्या ठरलेल्या चार वेळा उठणं, त्या वेळी त्यांनी शेजारी असणं, असा करार करा. एकट्यानं उठायचं कधी, ते फिजिओ ठरवतील.

56 पैकी 41 ही बर्ग चाचणी. 1989 सालापासून वापरात आहे, चौदा कामं, प्रत्येकाला जास्तीत जास्त चार मार्क. 45 च्या खाली असलं की पडायचा धोका धरतात, पण ती पास-नापासाची रेघ नाही. पुढच्या तपासणीत नुसते मार्क विचारू नका, कोणत्या कामात कमी पडले ते विचारा. माझा अंदाज, पूर्ण गोल फिरणं आणि एका पायावर उभं राहणं, या दोन ठिकाणी गेले असतील. मनातल्या सरावाला पुढचा विषय तिथून मिळेल. आणि ‘सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर सोडून द्या. पहिल्या तीन महिन्यांतला वेग राहत नाही, पण सुधारणा थांबते असं नाही.

झोक अचानक वाढला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मनातला नाही आणि ओट्याजवळचाही व्यायाम नाही, सरळ 108 ला फोन. वाट बघत बसू नका; गुठळी विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

शेजाऱ्यांना सांगा, मनानं चालून पंढरपूरला कुणी पोचत नाही हे खरं, पण मला तूर्त बाथरूमपर्यंतच जायचंय. तिथं उजव्या हाताला येईल असा भिंतीत पक्का बसवलेला दांडा लावून घ्या, टॉवेलची दांडी त्या कामाची नाही, ती हातात येते. पाणी निपटायची जबाबदारी नातवाची. आणि ते पायपुसणं अजून दारातच असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी ते उचलायला लावा.

तुमची,
फिजिओथेरपीवाली ताई